तर्जनीची बदली

हात माझा होता, पण डॉक्टर समजावत होते माझ्या नवऱ्याला. मी दोघांच्या मध्ये टेबलावर हात पसरून बसले होते, दुकानात गिऱ्हाइकापुढे कापड पसरतात तसा.

भांड्यांच्या मांडणीची काच फुटून माझं उजवं मनगट कापलं, त्याला वर्ष होत आलं होतं. मनगटाच्या मधून जाणारी नस डॉक्टरांनी जोडली होती. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू तिची वाट बघून सुकून गेले. अंगठा बोटांसमोर येईना. मी भाईंदरच्या घरी ब्लाउज शिवायचे. सुई धरायला अंगठा बोटासमोर यावाच लागतो, एवढी शरीररचना मला डॉक्टरांच्या आधीच कळली होती.

"तर्जनी सरळ करायला मागून दोन दोऱ्या असतात," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. "त्यातली एक सोडवून, मनगटाला वळसा घालून अंगठ्याला जोडू. तिच्या स्नायूची नस वेगळी, हाताच्या मागच्या बाजूने येते. ती शाबूत आहे."

"म्हणजे बदली," सरकारी कचेरीत जन्म काढलेला नवरा म्हणाला. "काम नव्या जागी, हुकूम जुन्याच ऑफिसचा."

डॉक्टर खूश झाले. कळलं का, असं मला कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं. फिजिओवाली म्हणाली, "तर्जनी उगारायची, अंगठा येईल." मी भिंतीवर उगारली, कॅलेंडरवर उगारली, कुकरवर उगारली. अंगठा ढिम्म. नवरा पेपरमागून म्हणायचा, "माझ्यावर नको हं उगारूस!" आणि स्वतःच हसायचा. लग्न झाल्यापासून कुणावर बोट न उगारता नांदलेली बाई मी, सवयच नव्हती.

एका सकाळी केबिन रोडवरून भाजी घेऊन आले, तर नवरा आणि एक रिक्षावाला माझं शिलाई मशीन उचलून दाराबाहेर काढत होते.

"भाईंदरच्याच डोंगरीला, माझ्या ताईकडे पाठवतोय," नवरा म्हणाला. "इथे पडूनच आहे. तू आता आराम कर. तिला सांगूनही टाकलंय मी."

सांगूनही टाकलं होतं! मी सोडून सगळ्यांना. माझं डोकं फिरलं. भाजीची पिशवी टाकली आणि हात वर केला.

"अहो, ठेवा ते खाली!"

तर्जनी ताठ झाली, आणि अंगठा तळहातावरून सरकत येऊन मधल्या बोटासमोर उभा राहिला.

"भाभी, नीचे रखूँ क्या?" रिक्षावाल्याने विचारलं.

"रख."

नवरा माझ्या अंगठ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, येईल!"

फिजिओवाली म्हणाली, सवय झाली की विचार करावा लागणार नाही. झाली असेल एव्हाना. पण मी धोका पत्करत नाही. हुक लावायला सुई उचलली की अजून मनातल्या मनात नवऱ्याला त्या दारात उभा करते आणि बोट उगारते. तो समोर सोफ्यावर चहा पीत, आपण हिचा हात कसा बरा केला ते पाहुण्यांना सांगत असतो.