कामाला दोन, पूजेला सहा

मोताळ्याची शाखा बंद करायचा विषय गेल्या वर्षी एप्रिलच्या मीटिंगमध्ये निघाला, तेव्हा आम्ही संचालक अंगावर शाली घेऊन बसलो होतो. बाहेर चिखलीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत आमचे चेअरमनसाहेब कानाला मफलर गुंडाळून कचोरी खात होते. आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एसी एकाच खोलीला आहे. सगळ्या शाखांचे हिशेब ज्या मशिनांत साठतात, ती सर्व्हरची खोली. उन्हाळ्याचे चार महिने संचालक मंडळाची मीटिंग तिथंच भरते. लोखंडी मांडणीत सहा सर्व्हर घुमत असतात आणि त्यांच्यासमोर सात खुर्च्या.

ही रीत पाडली कोणी? मीच. आता मी महिला राखीव जागेवरची संचालक आहे, पण वीसेक वर्षांपूर्वी याच संस्थेत कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. अकोल्याला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आणि त्यावर वर्षानुवर्षांचा माज. त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. चप्पल बाहेर काढल्याशिवाय कोणाला आत येऊ देत नसे, जसं काही आत गाभाराच होता. मे महिन्यात मुद्दाम स्वेटर घालून दुपारी बाहेर यायची, म्हणजे घामाघूम कॅशियरला कळावं की ही बाई कुठून आली. त्या वेळचा एक फोटो नातीनं मागं कपाटातून काढला.

"आजी, उन्हाळ्यात स्वेटर काऊन घातलं बे?"

"आजीले बे म्हनते का?"

"नाही, फोटोतल्या बाईले म्हटलं."

बरोबर म्हणाली. त्या बाईला बे म्हणण्यापलीकडे काही म्हणता येत नाही. त्याच बाईनं एका मे महिन्यात तेव्हाच्या चेअरमनना म्हटलं होतं, "साहेब, तिकडे काय घाम गाळता, इथंच बसा ना." बढती हवी होती. बढती मिळाली, आणि खुर्च्या ज्या आत गेल्या त्या कायमच्या.

तर त्या दिवशी अजेंड्यावर खर्चकपात होती. विजेचं बिल वाढलं, मशिनांच्या देखभालीचं कंत्राट वाढलं, जुन्या मशिनांचे सुटे भाग मिळेनात म्हणून पुण्याहून चढ्या भावानं मागवावे लागतात. हे सगळं वाचून झाल्यावर चेअरमनसाहेबांनी बोटं पुसली आणि उपाय सांगितला.

"मोताळा बंद करू. तिथली पोरगी चिखलीले येईल. नोकरी तं जात नाही ना तिची."

मोताळ्याची शाखा म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि ही पोरगी. पोरगी म्हणायचं एवढंच, तिशी गाठली तिनं. आदल्याच दिवशी तिचा मला फोन आला होता, कारण वाऱ्याला लागलेली बातमी आमच्या अजेंड्याच्या आधी मोताळ्याला पोचली होती. तिच्या अम्मीला लकवा झाला आहे. दुपारी कुलूप लावून पाच मिनिटांत घरी जाते, तिला कूस बदलून देते, दोन घास भरवते आणि परत येते. "मॅडम, चिखलीले यायचं म्हंजे बुलढाण्याले गाडी बदलून यायचं. सकाळी निघून रात्री घरी. अम्मीले कोन पाहीन? मले तं सोडूनच द्या लागेल." रडली नाही. फक्त म्हणाली, "तुमी बोलजा."

मी बोलले. म्हटलं, "मोताळ्यात एक कॉम्प्युटर चालतो, इथं सहा मशिनं आणि दोन एसी दिवसरात्र चालतात. वीज कोण खातं?"

"सर्व्हर बंद करता येते का मॅडम?" चेअरमनसाहेब हसले. "तुमाले तं मालूम असन."

"सहाच्या सहा काम करून राह्यले का?"

आता कॉम्प्युटर विभाग सांभाळतात ते साहेब दाराशी उभे होते. इंजिनियर आहेत, माझ्या जावयाच्या वयाचे, भिडस्त. ते हळूच म्हणाले, "मॅडम, चार मशिनचं मलाही माहीत नाही. पण त्यांच्यावर कागद आहेत."

मी उठून मांडणीजवळ गेले. चारही मशिनांवर पिवळा पडलेला कागद, त्यावर लाल शाईत: 'हे मशीन कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये.' शेवटी माझी सही. 'परिस्थितीत'खाली दोन रेघा.

संतापानं कानशिलं तापली, तीही त्या थंडीत. संचालकांवर राग होताच, पण या लाल शाईवाल्या बाईला समोर उभं करून विचारावंसं वाटलं, का गं, कशासाठी? उत्तर मला माहीत होतं. दरवेळी सॉफ्टवेअर बदललं की नवीन मशीन यायचं आणि जुन्यावर नेमकं काय राहिलं ते मला कळायचं नाही. विचारायची लाज वाटायची. मग कागद डकवून द्यायचा. न कळलेल्या गोष्टीला हुकमाचं रूप दिलं की लोक घाबरतात, एवढं मात्र मला चांगलं कळत होतं. दसऱ्याला सहाही मशिनांना हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. कामाला किती, हे कधी पाहिलं नाही.

मोताळ्याचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलून घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी आणि इंजिनियर साहेब त्या खोलीत. एक एक वायर धरून ती कुठं जाते ते पाहायचं. आधी सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवली. मग मी म्हटलं, "साहेब, एका मशीनची वायर काढा आणि दोन दिवस पाहा, कोन बोंबलते."

"आणि बोंबलले तर?"

"तं परत लावा. माह्यावर ढकला. कागद माहाच हाय."

पहिल्याची काढली, सगळ्या शाखा निवांत. दुसऱ्याची काढली, कोणाला पत्ता नाही. तिसरं मशीन रोज संध्याकाळी एक अहवाल छापायला पाठवत होतं, अशा प्रिंटरकडे जो कधीच भंगारात गेला होता. वर्षानुवर्षं रोज पाठवत होतं बिचारं, आणि आम्ही त्याला थंड हवा घालत होतो. चौथ्यानं तर काहीच केलं नव्हतं, नुसतं गरम झालं होतं. राहिलेली दोन खरी कामाची, पण म्हातारी, खूप वीज ओढणारी.

विक्रेता आला. गुळगुळीत बोलणारा. "मॅडम, सहाच्या जागी सहा घ्या, निश्चिंत राहा."

"चार तं मेलेले व्हते. मेलेल्याच्या जागी बी नवीन घेऊ का?"

दोनच घेतले. एक कामाला, एक पहिल्याच्या मदतीला. लहानखुरे, कमी विजेचे. त्यांच्यासोबत जे पुस्तक आलं ते इंजिनियर साहेबांनी मला मराठीत सांगितलं: सत्तावीस अंशांपर्यंत खोली चालेल. आम्ही ती अठरावर ठेवत आलो होतो. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सत्तावीसच. म्हणजे ती थंडी मशिनांसाठी नव्हतीच कधी.

मेच्या मीटिंगला नवीन मशिनं लागून पंधरा दिवस झाले होते. मीटरचं चाक सुस्तावलं होतं, देखभालीचं जुनं कंत्राट संपवलं होतं. चेअरमनसाहेब खूश. मला वाटलं, आता मोताळ्याचं नाव निघणार नाही.

"लय चांगलं काम केलं मॅडम तुमी," ते शाल सावरत म्हणाले. "आता मोताळा बंद केला की बचत आखीन वाढन."

आयुष्यात मी पुष्कळदा रागावले, पण तसा राग फार थोड्या वेळा. टेबलावरचा, दोन्ही एसींना चालणारा रिमोट उचलला, सत्तावीसवर केला आणि पिशवीत टाकला.

"हे काय करता?"

"मशिनीले एवढं पुरते. पुस्तकात लिहेल हाय."

"अन् आमाले?"

"तुमी मशीन हा का?"

मग मी बोलत सुटले. म्हटलं, चार मेलेली मशिनं आणि सात जिते संचालक गार ठेवायले आपण वर्षानुवर्षं पैसा जाळला, आणि तो वाचवायचा कुठून, तं एका पोरीनं आपल्या आईची कूस बदलायची त्या पाच मिनिटांतून. कोनाची चूक व्हती? माही. कागद माहा, खुर्च्या मी आनल्या. मंग माह्या चुकीचे पैसे मोताळ्यानं काऊन भरायचे?

दहा मिनिटांत शाली उतरल्या. वीस मिनिटांत मफलर. एका संचालकानं खिडकी उघडायचा प्रयत्न केला, ती माझ्याच काळात मी खिळे मारून बंद करवली होती. चेअरमनसाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळून अजेंड्यावर पडायला लागला. "ठीक हाय, ठीक हाय, मोताळा राहू द्या," ते म्हणाले, "लिहा ठराव, अन् चला बाहेर." ठराव लिहिला गेला, वही फिरली, मी ऐटीत सही केली. चष्मा पिशवीत रिमोटखाली होता, कोण काढत बसतं.

बाहेर येऊन पोरीला फोन लावला. "शाखा राह्यली तुही."

"लेखी हाय का मॅडम?"

"हाव, लेखी हाय. मी सही केली."

"फोटो पाठवता?"

विश्वास नाही ठेवत म्हणून मला तिचाही राग आला. वहीतल्या पानाचा फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन.

"मॅडम, हे 'एका वर्षासाठी' कोनं लिहिलं?"

पिशवीतून चष्मा काढून लावला. ठरावात खरंच होतं, ओळीच्या शेवटी, बारीक अक्षरात. 'एका वर्षासाठी.' खाली सात सह्या, त्यात माझी सगळ्यात मोठी. स्वेटरवाली बाई मेली असं मी समजत होते, ती अजून सह्या करत हिंडते आहे.

ते वर्ष या महिन्यात संपतं. परवा मीटिंग आहे, अजेंड्यावर मोताळा पाचव्या नंबरला. मी कळवून ठेवलंय, ते शब्द खोडल्याशिवाय कोणत्याही पानावर माझी सही पडणार नाही. काल पोरीचा फोन आला. अम्मी आता आधारानं बसते, म्हणाली. आणि मग विचारलं, "परवा काय व्हईल मॅडम?"

"लढाई व्हईल," मी म्हटलं. "तू मोबाईल जवळ ठेव. या टायमाले फोटो सहीच्या आंधी पाठवीन. तू वाच, तू हाव म्हन, मंग मी सही करीन."