नासिर मिस्त्रीची सूर्याची पेटी

नासिर मिस्त्रीचा संताप अख्ख्या गावाला ऐकू यायचा, पण मनावर कुणी घेत नसे. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं ते खेडं. गावातल्या साऱ्या विहिरी खाऱ्या. गोड पाणी तेवढं लांबच्या नदीपात्रातल्या झिऱ्याला, आणि ते डिझेलच्या इंजिनाने टाकीत चढवायचं काम नासिरकडे. अकोल्याहून डिझेलचं पिंप आलं तर गाव गोड पाणी पिणार, नाही आलं तर खारं. आणि ऐन उन्हाळ्यात ते मेलं पिंप हमखास यायचं नाही.

त्याची बायको कुलसुमबी मुतखड्याने बेजार होती. हकीमसाहेबांनी खारं पाणी साफ बंद करायला सांगितलं होतं. म्हणून अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात नासिरने अकोल्याच्या जुन्या शहरातून काच आणली आणि काळ्या रंगवलेल्या पत्र्याच्या पेटीवर तिरपी बसवली. पेटीत विहिरीचं पाणी ओतायचं. उन्हाने त्याची वाफ व्हायची, काचेला लागून ओघळायची आणि खाली गोड पाणी थेंबाथेंबाने जमायचं. दिवसाकाठी दोन तांबे. कुलसुमबीचं भागावं एवढंच.

पण दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं नाही, ही त्या मुलखाची रीत. डिझेल संपलं की शेजारणी 'जरा बसायला' येऊ लागल्या. पार्बताबाईंनी हयातीत मुसलमानाघरचं पाणी घेतलं नव्हतं. त्याही ओसरीवर येऊन टेकल्या.

"सूर्यनारायनानं केलेलं पानी हाये," त्या म्हणाल्या, "त्याले कोनाचा हात लागला?"

नासिर सरपंच उत्तमरावांकडे गेला. "घरोघरी अशी पेटी बसवा नं. डिझेलची वाट पाहून मरून राहिलो आपन."

उत्तमराव सुपारी कातरत म्हणाले, "काहून? तुह्या घरी हाये नं."

नासिर दातओठ खात घरी आला, तर कुलसुमबी पोट धरून पडलेली. उशाजवळच्या पेल्यातलं पाणी त्याने चाखलं. खारं.

"पेटीचं पानी कुठी गेलं?"

"लोकं येतात," ती कण्हत म्हणाली. "दरवाजा लावून घेऊ काय?"

"लाव. उद्यापासून थेंबभर कोनाले द्यायचं नाही. मी बसतो दारात."

दुसऱ्या दिवशी पेटीखालचा तांब्या मांडीशी घेऊन तो खरंच दारात बसला. दोघीजणी त्याचं तोंड बघूनच परतल्या. मग भर उन्हात पार्बताबाई आल्या. कडेवर नातू, हागवणीने पार सुकून गेलेला. त्यांनी पोराच्या तोंडावरचा पदर तेवढा बाजूला केला.

नासिर भडकला. "तुमाले एक पेटी करून घेता येत नाही, माय? माही बायको मरून राहिली इथं. साऱ्या गावाचा ठेका मीच घेतला काय?" तो ओरडत होता आणि पोराच्या तोंडात धार धरत होता. ओरडणं थांबलं तेव्हा तांब्या रिकामा होता.

कुलसुमबी भिंतीला धरून उठली, माठातलं विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्याकडे बघत शेवटच्या घोटापर्यंत प्याली.