रांगोळीची भाकरी

गप्पा रंगवण्याच्या नादात मी एका बाईचा चालता धंदा बंद पाडला. आणि तीच बाई कायद्याचा सल्ला मागायला आली तेव्हा तो सल्लाही मीच दिला — चुकीचा, जाणूनबुजून. हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळही नाही. बाकीच्या फजित्या मी चवीनं सांगत आलोय. परक्याच लग्नात जेवून, आहेर देऊन, नवऱ्यामुलाच्या गळ्यात पडून आलो तो किस्सा तर आमच्या इमारतीला पाठ आहे. हा एवढा राहिला. आता दमलोय, म्हणून तुम्हाला सांगतो.

पनवेलच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. नोटिसा टाइप करायच्या, तारखा लिहून ठेवायच्या. तेवढ्यावर इमारतीत मला 'वकीलसाहेब' म्हणू लागले. मी कधी दुरुस्त केलं नाही. का करावं? ऐकायला बरं वाटायचं.

खालच्या मजल्यावर सुगंधाताई राहायच्या. मूळच्या गव्हाण गावच्या. तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायच्या. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी — मटण आणि तांदळाची भाकरी, तीही शेकड्यांनी. दोन जावांना घेऊन ताई सकाळपासून थापायला बसायच्या. भाकरी अशी पांढरी, की ताटात रुमालाची घडी ठेवल्यासारखी.

एका संध्याकाळी खाली बाकावर कुणीतरी विचारलं, "एवढी पांढरी होते कशी हो?"

खरं उत्तर काय होतं? चांगला तांदूळ, नीट काढलेली उकड, आणि हात. पण खऱ्या उत्तराला हशा कुठे मिळतो? मी म्हणालो, "पिठात रांगोळी घालतात." काय हसले सगळे! दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यात पुरावा घातला — दिवाळीच्या आधी बाजारात रांगोळीची पिशवी भरून नेताना मी त्यांना स्वतः पाहिलं होतं. पाहिलं होतंच की! दिवाळीला रांगोळी कोण नेत नाही? पण खोट्याच्या शेजारी एक खरं बसवलं, की खोटंही ताठ बसतं. हे मी ऑफिसातच शिकलो होतो.

गोष्ट बाकावरून इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली, तिथून बाहेरच्या ग्रुपांवर. ग्रुपवर हसण्याची चिन्हं गळून पडली आणि नुसती रांगोळी उरली. मग आपटा गावातल्या, ताईंच्याच भाकऱ्या गेलेल्या एका हळदीत कुणाच्या तरी मुलाला उलट्या झाल्या — त्यानं त्या दिवशी काय काय खाल्लं होतं, देव जाणे — आणि लोकांना ताईंच्या भाकऱ्या आठवल्या. पुढची हळद रद्द. त्याच्या पुढचीही. ऐन लग्नसराईत ताईंची परात पालथी पडून राहिली.

तेव्हा मी काय केलं? बाकावर जायचं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणालो.

आणि एका दुपारी ताई वर आल्या. हातात मोबाईल. ग्रुपवरचे मेसेज कुणीतरी त्यांना पाठवले होते.

"भाऊ, पोलिसात जाऊ का नोटीस धारू? तुमी कायद्यातलं. मना पैसा नको कुनाचा. ज्यानं ह्या उठवला, त्यानं चारचौघांत येऊन बोलावा, खोटा होता. बस, आवराच."

आवराच. एवढंच.

मला सगळं माहीत होतं हो! मेसेज जपून ठेवा, कुणी कधी पाठवले ते लिहून काढा. सोसायटीला लेखी तक्रार द्या. पीठ तपासून घ्या, दाखला फळ्यावर लावा. वकिलाची नोटीस पाठवा — माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. दिवाणी होतो, फौजदारीही होतो. नोटिशीचा मजकूर तर मला झोपेतही आला असता. फक्त तिच्यावर नाव कुणाचं घालायचं, तिथे माझी बोटं अडली असती.

म्हणून मी काय सांगितलं? पोलीस अदखलपात्र म्हणून नोंद करतील आणि घरी पाठवतील. पहिल्यांदा कोण बोललं, हे कसं सिद्ध करणार? साक्षीला कोण उभं राहणार? वर्षं जातील. आणि वर, अगदी मायेनं — "ताई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." यातलं एकही वाक्य धड खोटं नव्हतं. तीच तर माझी हुशारी! हे सांगता सांगता मी त्यांना चहा केला. बायको घरी नव्हती, साखर कुठे आहे ते मला सापडत नव्हतं. ताई बिनसाखरेचा चहा प्यायल्या, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि गेल्या. वर्षाच्या आत खोली भाड्यानं देऊन इमारतच सोडून गेल्या.

मधे बरीच वर्षं गेली. गेल्या महिन्यात उलव्याला एका कामासाठी गेलो होतो, दुपारी एका खानावळीत बसलो. ताटात भाकरी आली आणि मी ओळखली. दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली, पण तीच. लोक मिटक्या मारत खात होते. आतून ताई बाहेर आल्या, कोपरापर्यंत पीठ. केस पिकलेले.

"वलखला ना भाऊ?" म्हणाल्या. "त्या दिवशी मी कायदा इचारायला नव्हती आली. बाकावर कोन काय बोलला, ता मना म्हाईत होता. बोल्ली, बगू, मानूस कबूल करतं का."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ताईंनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"खावा गपचूप. बोलायच्या टायमाला तुमचा तोंड उघरला नाय, आता निदान खायला तरी उघरा."