सहाव्या मुद्द्यासाठी नेसरीपलीकडे

नागपूरहून कोल्हापूरची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, बायकोने दिलेला चिवडा आणि राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या मसुद्यातले बारा मुद्दे होते. मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या आणि आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी त्या गावोगाव जाऊन गोळा करायचं ठरवलं होतं. नागपुरातली सभा आटोपली होती. कोल्हापूर जिल्हा मी हट्टाने मागून घेतला. देशाचं धोरण ठरतंय आणि त्यात आपण निरोप्या का होईना, पण आहोत, या आनंदात मला गाडीत धड झोप लागली नाही.

उतरल्याबरोबर मिसळ. आम्ही सावजी खाणारी माणसं, आम्हाला तिखट कोण शिकवणार, या तोऱ्यात मी कट (वरचा तिखट रस्सा) दोनदा मागितला. डोळ्यांतून धारा लागल्या. वाढणाऱ्याने न विचारता पाणी आणि आणखी दोन ब्रेड ठेवले. "पावणं, दमानं," एवढंच म्हणाला.

तिथून एसटीने गडहिंग्लजमार्गे नेसरी. बस उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत होती आणि मला त्याचंही कौतुक वाटत होतं. नेसरीहून पुढे एका वाडीपर्यंत वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). शेजारच्या आजोबांनी माझं गाव, मुलं, पेन्शन सगळं विचारून झाल्यावर काम विचारलं. मी सांगितलं. शाळेचं दिल्लीत ठरतंय आणि विचारायला माणूस इथवर आला, याचं त्यांना एवढं अप्रूप वाटलं की त्यांनी हातातलं उसाचं कांडं मला देऊन टाकलं.

वाडीतली सभा दूध संस्थेच्या हॉलमध्ये होती, संध्याकाळी म्हशींच्या धारा काढायच्या आत उरकायची म्हणून दुपारी. हॉल गच्च भरलेला. मी हरखून गेलो. नागपुरात वीस माणसं जमवताना आमच्या नाकी नऊ आले होते. संस्थेच्या चेअरमननी खणखणीत आवाजात पुकारलं, "विषय क्रमांक एक." मी वाचायला लागलो, तर वाक्य संपायच्या आत हॉल गरजला, "मंजूर!" दुसरा, मंजूर. तिसरा, मंजूर. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत ठराव असेच होतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मीही रंगात येऊन भराभर वाचत सुटलो. सहावा मुद्दा होता, कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात. मंजूर! नागपुरात मीही यावर हात वर केला होता. मी लिहूनही टाकलं.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. रझिया, वाडीतल्या वेल्डिंगवाल्याच्या पत्नी.

"सर, आत्ता काय मंजूर झालं ते परत वाचा की."

मी सावकाश वाचलं. वाडीच्या शाळेचा पट अकरा.

"म्हंजे आपली शाळा आत्ता आपुनच बंद केली," रझिया म्हणाल्या. "मोठी शाळा वढ्याच्या पल्याड हाय. पावसाळ्यात माझ्या आफरीनला तिथं कोण पोचवणार? ती घरातच बसणार."

चेअरमन चाचरत म्हणाले, एकदा मंजूर झालेला विषय मागे घेता येत नाही.

"ही दुधाची सभा न्हाय, चेअरमन. दूध नासलं तर उद्या नवं येतंय. पोरीचं गेलेलं वरीस परत येतंय व्हय?"

चेअरमननी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवा, नामंजूर. का, ते बी लिवा. आन सर, पयल्यापासनं वाचा. दमानं."

मग जी सभा झाली ती सांगायला शब्द कमी पडतील. ओढ्याला पाणी किती महिने असतं यावरून भांडणं झाली, तालमीतल्या एका पैलवानाने खेळाच्या तासाबद्दल दोन पानं सांगितली, म्हशी गोठ्यात हंबरत राहिल्या. माझं शेवटचं वडाप चुकलं. मुक्काम चेअरमनच्या घरी पडला आणि पांढरा रस्सा मी तीन वाट्या प्यायलो. आयुष्यात एवढा सुंदर गोंधळ मी पाहिला नव्हता.

नागपूरला परतलो तेव्हा आमच्या गटाचे सचिव दिल्लीला पाठवायच्या सूचनांचं पाकीट चिकटवत होते. मी म्हटलं, थांबा, सहाव्या मुद्द्यावर पुन्हा बसू. ते वैतागले. तो एकमताने मंजूर झालाय म्हणाले.

"ठाऊक आहे. हात वर करणाऱ्यांत मीही होतो," असं म्हणून मी वाडीचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. मला लाज वाटत होती. चौतीस वर्षं परीक्षेच्या वर्गात मी मुलांना एकच बजावत आलो होतो, उत्तर लिहायच्या आधी प्रश्न नीट वाचा.