डावीकडची ओली बैठक

ती मोटार कचेरीसमोर उभी राहिली, ती सकाळ काही केल्या विसरता येत नाही. एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. मी अलिबागला जिल्हा पोलीस कचेरीत फौजदार होतो. मोटारींना नंबर देण्याचे काम त्या काळी पोलिसांकडे असे आणि जिल्ह्यात राहणाऱ्या परदेशी माणसांची नोंद ठेवण्याचेही. ही दोन्ही टेबले माझ्या गळ्यात पडली होती. सोबतचे फौजदार मला नंबराच्या पाट्यांवरून 'पाटीवाले' म्हणून चिडवीत.

मोटार आणली होती मध्य युरोपातून आलेल्या एका डॉक्टरने. रेवदंड्याकडे बंगला भाड्याने घेऊन तो राहत असे आणि गोरगरिबांना औषधे देई. मराठी तो आपल्या स्वयंपाक्याकडून शिकला होता, त्यामुळे मला काय आणि आमच्या साहेबांना काय, सगळ्यांना सरसकट 'तू' म्हणे. परदेशी रहिवाशाने मोटार घेतली की इतरांपेक्षा दुप्पट सोपस्कार असत. राहण्याचा परवाना पाहायचा, मोटार स्वतः तपासायची, आणि जुन्या मालकाला समोर बोलावून विक्रीचा जबाब घ्यायचा.

मोटार दिसायला झकास होती. नवा हिरवा रंग, चालवणाऱ्याच्या आणि मागच्या बैठकीला नवे कातडे. डाव्या बैठकीवर मात्र मी हात टेकवला आणि चटकन मागे घेतला. ती ओली होती. दिवाळी होऊन गेलेली, आठ-पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. डॉक्टर म्हणाला, रोज सकाळी अशीच ओली होते, दुपारी सुकते. पुसून पुसून तो कंटाळला होता. त्याचा स्वयंपाकी तर पुढे बसायलाच तयार नव्हता.

मी बोट जिभेला लावले. खारट. आमचे घराणे पेणकडच्या मिठागरांवरचे. मीठ दवात पाझरते हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. बैठकीची खालची शिवण उसवून पाहिली, तर आत काथ्याला करडा चिखल चिकटून वाळलेला. ही मोटार खाडीत पडून होती, यात शंका उरली नाही. पण विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

विकणारा होता खाडीपलीकडचा सुपारीचा व्यापारी. त्याने श्रावणात वर्दी दिली होती, की माझा ड्रायव्हर सुपारीच्या गोण्या घेऊन मुंबईला पळाला, मोटार तेवढी अलीकडच्या रस्त्यावर सोडून गेला. ड्रायव्हर राहायला चौलचा. शोध घेतला, सापडला नाही. प्रकरण तिथेच थांबले होते.

जुन्या मालकाला बोलावण्याआधी मी चौलला गेलो. पाटलाने मला बाजूला घेऊन सांगितले, की ड्रायव्हरच्या बायकोशी गावात कुणी बोलत नाही. चोराची बायको म्हणून विहिरीवर बाया तिची कळशी बाजूला सारतात. आणि आता ती वेडावली आहे. डॉक्टरची मोटार गावातून जाताना हॉर्न वाजला, की हातातले काम टाकून रस्त्यावर येऊन उभी राहते.

मी तिच्या घरी गेलो. पंचविशीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. वेडाचे चिन्ह काही दिसले नाही. मोटारीत काय बघतेस, असे मी विचारले.

"त्यो सायबाच्या डाव्या अंगाला बसलेला असतो," ती म्हणाली. "कापडं वली. माझ्याकडं बघतो, पन उतरत न्हाय."

"तो तर मोटार चालवायचा. डावीकडे कशाला बसेल?"

"त्ये मला काय म्हाईत, सायेब? दिसतो त्ये सांगते." मग तिने विचारले, "त्यो चोर न्हाय. तुमी त्येवडं शोधून काढाल का?"

खोटा धीर देणे मला जमत नाही, म्हणून मी उठलो.

व्यापारी ठरल्या दिवशी अत्तर लावून आला. रंगाबद्दल विचारले तर म्हणाला, हौसेने दिला. चिखलाबद्दल विचारले तर म्हणाला, कोकणातली मोटार, चिखल असणारच. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. गावात गिऱ्हाईक न शोधता परदेशी माणसालाच का विकली, यालाही उत्तर तयार होते. मग मी म्हटले, नोंदणीपूर्वी मोटार रस्त्यावर चालवून बघायची आहे, तुम्हीही चला. डॉक्टर चालवायला बसला, मी मागे बसलो. व्यापाऱ्याला म्हटले, शेट, तुम्ही पुढे बसा.

तो म्हणाला, मी मागेच बरा आहे. मग पायीच येतो म्हणाला. बैठक ओली आहे, धोतर खराब होईल, असेही म्हणाला. पण त्याने बैठकीला अजून हातसुद्धा लावला नव्हता. मी शांतपणे सांगितले, की ड्रायव्हरच्या बायकोला तिथे तिचा नवरा बसलेला दिसतो.

तो ताडकन म्हणाला, "तो डावीकडं होता हे तिला कुणी सांगितलं?"

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे. बोलून गेल्यावर त्याला आपली चूक कळली आणि तो कचेरीच्या पायरीवर बसला.

पुढचे सगळे त्याने त्याच दिवशी सांगितले. दोन होड्या जोडून केलेल्या सांगडीवरून मोटार खाडीपार न्यायची होती. वारा सुटला होता. सांगडवाले नको म्हणाले, ड्रायव्हरही नको म्हणाला. व्यापाऱ्याने नोकरीवरून काढायची धमकी दिली. मध्यावर सांगड कलली आणि मोटार ड्रायव्हरसकट डाव्या कुशीवर पाण्यात गेली. ओहोटीला ती ओढून काढली, तेव्हा ड्रायव्हर डाव्या दरवाजाशी अडकलेला होता, मूठ कडीवर घट्ट. सांगडवाल्यांना दम भरून त्याला खारफुटीत पुरले आणि वर चोरीची वर्दी दिली. विकताना घेणारा जिथे बसेल तेवढीच जागा व्यापाऱ्याने नवी करून घेतली होती.

सांगडवाल्यांनी जागा दाखवली. पंचनामा झाला. बायकोने कमरेचा चांदीचा करदोटा ओळखला. काय घडले ते मी तिला सांगितले. ती रडली नाही. "त्येनं नगं म्हटलं व्हतं का?" एवढेच विचारले. हो म्हटल्यावर तिने मान हलवली.

एखाद्याला फरारी ठरवायचे, तर त्याच्या गावात दवंडी पिटून जाहीर करायची रीत होती. ह्या ड्रायव्हरचीही पिटली होती. तो निर्दोष निघाला तर परत दवंडी पिटावी, असे मात्र कुठल्याही नियमात नव्हते. मी पिटवली. साहेबांनी कारण विचारले, तेव्हा जे मनात होते ते सांगितले आणि त्यांनी पुढे विचारले नाही.

व्यापाऱ्याला वाटले, परक्या माणसाला इथे शेजार नाही, त्याच्याकडे गेलेली वस्तू कुणी ओळखणार नाही. परक्याचीच प्रत्येक वस्तू सरकार उलटीपालटी करून बघते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. एवढा भाग पोलीस म्हणून मला समजतो. मिठाचेही समजते. ती बाई नेमकी डावीकडे का बघत होती, ते मात्र मला आजवर समजलेले नाही, आणि समजल्याचा आव मी आणणार नाही. बेपत्ता माणसाला चोर म्हणणे फार सोपे असते, कारण तो उत्तर द्यायला येत नाही. हे मी त्या प्रकरणात शिकलो आणि नंतर कुठल्याही वर्दीवर तसा शेरा पटकन मारला नाही.

दवंडी झाली तेव्हा ती दारात उभी होती. दवंडीवाल्याने नवऱ्याचे नाव घेऊन तो चोर नव्हता असे तीनदा म्हटले. विहिरीवरच्या बाया ऐकत होत्या. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती आत गेली, आणि मग तिने कुंकू पुसले.