भट्टीचं झाकण

"अरे, भट्टीचं झाकण कोणी उघडलं?" आमच्या वेल्डर काकांचा आवाज अंधेरीच्या वर्कशॉपमधून थेट दहिसर नाक्यावर पोचला असणार. टायटॅनियम ॲल्युमिनाइड या ठिसूळ मिश्रधातूचे तुकडे वेल्ड केल्यावर भट्टीतच सावकाश निवू द्यायचे असतात, नाहीतर जोड तडकतो. आणि मी नुसतं बघायला म्हणून झाकण उचललं होतं. तेव्हा झालेलं 'टिक्' आजही काचेचा ग्लास तडकला की ऐकू येतं. "लाइट गेलेली ना काका, भट्टी आपोआपच थंड पडली!" मी बेधडक ठोकून दिलं. त्यांच्या डोक्यावरचा पंखा दुपारभर एकदाही थांबला नव्हता. शेवटचा नमुना होता तो, माझी नोकरी गेल्यातच जमा. संध्याकाळी मालकांनी तडा बघून विचारलं, "हे कोणी केलं?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाइट गेली होती."