शाळेच्या नावाने दिलेला मका

डोम्निकाबाईंनी एकतीस वर्षं मोल्दोवातल्या आपल्या गावाला कणीस निवडायला शिकवलं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण गाव आधी काय करायचं, तर टपोरी कणसं खाऊन टाकायचं आणि उरलंसुरलं पेरायचं. सगळ्यात चांगलं कणीस पोटात नाही, शाळेच्या बियाणेखोलीत गेलं पाहिजे, हे बाईंनी शेतकी वर्गातल्या पोरांच्या डोक्यात घातलं. म्हाताऱ्यांनी टिंगल केली. मग ते कोरडं वर्ष आलं. शेजारची गावं पिठासाठी वणवण फिरली आणि इथे मात्र घरोघरी मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजत राहिली. टिंगल आपसूक थांबली.

पोरं मात्र गावात थांबली नाहीत. शिकली आणि इटलीला गेली, परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. त्यातल्या स्तेलियानाच्या आठवणीने बाईंचा जीव तुटायचा. दाण्यांवरून नुसतं बोट फिरवून बियाणं ओळखणारी तीच एक. बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी कोणी मिळालं नाही तर शेतकी वर्ग बंद, असं कळवून वरचे साहेब मोकळे झाले होते. स्तेलियानाने परत यावं, वर्ग घ्यावा, एवढंच बाईंना हवं होतं. फोनवर तसं म्हणायचा धीर होत नव्हता.

ईस्टरनंतर आठवड्याने मेलेल्यांचा सण येतो. त्या दिवशी परदेशातलं झाडून सगळं गाव परततं. थडग्यांवर चादरी पसरतात, लाल अंडी, वाइन आणि गोल पाव मांडतात. आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने येईल त्याला काहीतरी द्यायचं आणि घेणाऱ्याने मृताला शांती मागायची, अशी रीत. बाई नवऱ्याच्या थडग्यापाशी पेले भरभरून बियाण्याचा मका देत होत्या.

"बाई, किती वाळलात हो! जेवता की नाही?" स्तेलियाना आली ती दटावतच.

"माझं राहू दे. तूच किती गोरी झालीस! तिकडे ऊन पडत नाही का गं?"

दोघी हसल्या. बाईंनी पेला उचलला. सकाळपासून त्या 'माझ्या ग्रिगोरेच्या नावाने' म्हणत होत्या. या वेळी तोंडून निघालं, "घे पोरी, शाळेच्या नावाने."

शेजारच्या थडग्यापाशी बसलेल्या वेराआजीने पटकन छातीवर क्रूसाची खूण केली. "अगं बये! जितीजागती शाळा, तिच्या नावाने देतेस?"

आपण काय बोललो ते बाईंना तेव्हा उमगलं. पण त्यांनी हात मागे घेतला नाही. आता ही पोर फटकारेल, 'काहीतरीच काय बाई, शाळा मेली नाही अजून' म्हणत पेला परत करेल, या आशेने त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आयुष्यात कशाची एवढी आस त्यांनी धरली नव्हती.

स्तेलियानाने दोन्ही हातांनी पेला घेतला. मान खाली घातली.

"देव तिला शांती देवो, बाई," ती म्हणाली.